सातव्या मजल्यावर अडकलेला सूर

ती. ताईंना,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. तो वाकून करायचा होता, पण गेल्या महिन्यात एकदा वाकले ती तीन दिवस सरळ झाले नाही (कारण पुढे येईलच), तेव्हा खुर्चीत बसूनच केलेला गोड मानून घ्या. तुमचे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला का? आणि तुमची ती खालची उजवी दाढ, जिच्यात मी दोन वर्षांपूर्वी तात्पुरतं सिमेंट भरून महिन्याभरात परत यायला सांगितलं होतं, ती अजून जागेवर आहे का? इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे. पण ताई, खरं सांगते, खुशाल कोणीही नाही. माझी कंबर गेली आहे, दवाखान्यातले दोन पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे गेले आहेत, जेवणाचं टेबल गेले पाच आठवडे आमच्या मालकीचं राहिलेलं नाही, आणि या सगळ्याला तुमचे बंधुराज कारणीभूत आहेत.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण असं, की फोनवर यांचा विषय काढला रे काढला की तुमच्या दारावरची बेल वाजते. माझ्या लग्नाला चोवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत नेमक्या त्या क्षणी तुमच्याकडे जितके लोक आले तितके एखाद्या सरकारी कचेरीतही येत नसतील. पत्राच्या मध्येच मात्र बेल वाजवता येत नाही. दुसरं कारण म्हणजे यांनाच हे लेखी हवं होतं. पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासण्यात ज्याचा जन्म गेला त्या माणसाचा तोंडी गोष्टींवर विश्वास नसतो. आधी त्यांनी स्वतःच मसुदा केला होता: "विषय: साउंड कार्डातील दोषाबाबत. संदर्भ: नाही." सख्ख्या बहिणीला! तो कागद मी फाडला आणि म्हटलं, मी लिहिते, तुम्ही समोर बसा. तर ते आता समोर बसले आहेत, चष्मा पुसताहेत, आणि एक परिच्छेद झाला की वाचून दाखवायला लावताहेत. (हा वाचल्यावर "हे सगळं कशाला?" म्हणाले. असू दे म्हटलं.)

आता मूळ दुखण्याकडे येते. तुम्ही तिथे होतात, मी नव्हते. पण मी आजवर एकाच बाजूचं ऐकलं आहे, म्हणून मला जसं कळलं तसं मांडते, चुकलं तर समासात दुरुस्त करा. सत्तावीस वर्षांपूर्वी तुम्हा दोघांनी मिळून कॉम्प्युटरवर एक खेळ तयार केला होता. खेळ लिफ्टचा. सात मजल्यांची इमारत, प्रत्येक मजल्यावर खोळंबलेली माणसं, आणि लिफ्ट वरखाली नेऊन त्यांना ज्याच्या त्याच्या मजल्यावर पोहोचवायचं. खेळ यांनी लिहिला, संगीत तुमचं. तुम्ही वहीत एकेक सूर मांडायचात आणि लिफ्ट एकेक मजला चढेल तशी चालीत एकेक नवी ओळ येऊन मिसळायची. (हे सांगताना आजही यांचे दोन्ही हात हवेत जातात. एरवी खिशातून बाहेर येत नाहीत.) कॉलेजच्या स्पर्धेत, भरल्या हॉलमध्ये, तीन परीक्षकांसमोर लिफ्ट सातव्या मजल्यावर पोहोचली, दार उघडलं, आणि एक सूर अडकला. पीऽऽऽ असा जो सुरू झाला तो थांबेचना. सगळी बटणं दाबून झाली, परीक्षकांचे कानांवर हात ठेवून झाले, शेवटी कोणीतरी भिंतीतला प्लग ओढला. तेव्हा तुमचे बंधुराज, वय वर्षे वीस, माइक हातात घेऊन म्हणाले, "संगीत माझ्या बहिणीचं आहे."

एवढंच वाक्य. तुम्ही हॉलमधून उठून गेलात, महिन्याभरात कीबोर्ड विकलात, विम्याच्या ऑफिसात चिकटलात, आणि त्यानंतर तुम्हाला साधं गुणगुणतानाही कोणी ऐकलेलं नाही. तुम्ही दोघं बोलत नाही असं नाही. आमच्या लग्नात बोललात, कोणी आजारी पडलं की बोलता, पण मधे मला उभं करून. ("त्याला सांग, गाडी पुढे घे म्हणावं." आणि हे दोन हातांच्या अंतरावर उभे.) दाढ भरायला खाली दवाखान्यात येता आणि वर चहालाही न येता जाता. यांना विचारावं तर सत्तावीस वर्षं एकच पालुपद, की हिने सूर सुरू केला आणि थांबवायची विसरली, त्यात माझं काय चुकलं? तुमची बाजू ऐकायचा योग आला नाही. बेल वाजते ना.

तर पाच आठवड्यांपूर्वी सकाळी नाश्त्याला बसलो असताना हे मोबाइलवर जुन्या कॉम्प्युटरच्या नादिष्ट मंडळींचं काहीतरी वाचत होते. (जगभर अशी माणसं आहेत, ताई. एकटे हेच तसे नाहीत हे कळल्यावर मला आधी धीर आला आणि मग भीती वाटली.) वाचता वाचता यांचा घास हातातच राहिला. तुमच्या त्या साउंड कार्डात, म्हणजे कॉम्प्युटरमधून आवाज काढणाऱ्या पट्टीत, मुळातच एक खोट होती म्हणे. कार्डाकडून सूर वाजवून घ्यायचा तर त्याला दोन हुकूम द्यावे लागतात, एक सुरू करण्याचा आणि एक थांबवण्याचा. हे हुकूम कसे पाळायचे ते कार्डावरच्या एका चिपमध्ये कायमचं लिहून ठेवलेलं असतं. त्या लिहिण्यातच चूक राहून गेली होती, त्यामुळे हुकमांची गर्दी झाली की ती चिप एखादा थांबण्याचा हुकूम गिळून टाकायची आणि सुरू झालेला सूर मग सुरूच राहायचा. पुढे कंपनीने सुधारलेली चिप काढली. जुनी उपटून ती बसवली की रोग बरा. हे वाचून यांनी मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे ताईची चूक नव्हती."

खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. त्या विषयावर यांच्या तोंडून चोवीस वर्षांत मी ऐकलेलं ते पहिलं नवं वाक्य होतं. मी म्हटलं, उचला फोन. तर नाही! आधी सिद्ध करायचं. चिप बदलायची, तुमची चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून दाखवायची, आणि मग पुराव्यासह बहिणीसमोर जायचं. मी म्हटलं, अहो, ती बहीण आहे, ग्राहक मंच नाही. पण ऐकतील ते तुमचे बंधू कसले.

कॉम्प्युटर माळ्यावर होता. हे शिडीवर आणि मी खाली अशी वाटणी झाली. मॉनिटर खाली देताना यांनी विचारलं, धरलास? मी म्हटलं, थांबा. यांना फक्त "धरला" ऐकायची सवय, म्हणून त्यांनी सोडला. तो मॉनिटर मी वाचवला, ताई, पण कंबर वाचवता आली नाही. तीन दिवस मी काटकोनात वावरले. त्या काळात पेशंटच्या तोंडात वाकून बघायला फारसा त्रास झाला नाही एवढाच काय तो फायदा. यंत्र मांडायला घरात एकच मोठी सपाट जागा, ती म्हणजे जेवणाचं टेबल. तेव्हापासून आम्ही इस्त्रीच्या टेबलावर उभ्याने जेवतो.

यंत्र पहिल्या झटक्यात सुरू झालं! (आमचं नवं वॉशिंग मशीन दोन वर्षांत मान टाकतं आणि हे सत्तावीस वर्षांनी डोळे उघडून विचारतं, काय करू?) खेळ लावला. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर गेली आणि पीऽऽऽ. बंद करून पुन्हा लावला, पाचव्यावर पीऽऽऽ. मग तिसऱ्यावर. यांचा आनंद गगनात मावेना. दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकतोय म्हणजे वहीतली चूक असूच शकत नाही, चिपच! मी म्हटलं, पटलं, आता थांबा. पण मीटरच्या एका वाचनावर यांच्या खात्याचा भरवसा नसतो. त्यांनी तक्ता आखला, त्यात तारीख, वेळ, मजला आणि शेरा असे रकाने पाडले, आणि एकूण एकेचाळीस वेळा तो सूर अडकवून घेतला. तुम्हाला आठवतच असेल तो कसा आहे. दातात घुसणारा. हे मी माझ्या व्यवसायातल्या जबाबदारीने लिहिते आहे.

दवाखाना बरोबर त्या खोलीच्या खाली. एका गृहस्थांच्या दाढेतली नस काढायला बसले होते, अर्धं काम झालं होतं, मशीन बाजूला ठेवून मी नुसतं कापूस बदलत होते, आणि वरून पीऽऽऽ. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं, मग छताकडे बघितलं, आणि गळ्यातल्या टॉवेलसकट उठून चालते झाले. त्यांची अर्धी दाढ आणि माझा अख्खा टॉवेल अजून परत आलेला नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका दाराशी येऊन उभ्या राहिल्या. नुसतं चष्म्यावरून यांच्याकडे बघितलं. पन्नाशीला टेकलेला माणूस, खुर्चीतून उठून उभा राहिला आणि हात मागे बांधले! मग त्या म्हणाल्या, "कोण आहे ते?" यांनी मान खाली घालून सांगितलं, "साउंड कार्ड."

चिपचं काम चौकातल्या रिमोट विकणाऱ्या दुकानदाराने केलं. (आम्ही त्याला रिमोटवालाच म्हणतो. पण हा माणूस नुसते रिमोट विकत नाही, बंद पडलेल्या मशीनच्या कोऱ्या चिपांवर नव्याने मजकूर लिहून देतो. शांत, हुशार आणि कमी बोलणारा. आमच्या घरात येऊन त्याने चार दिवस राहावं असं मला फार वाटतं.) नादिष्ट मंडळींकडून यांनी सुधारलेला मजकूर मागवला आणि रिमोटवाल्याने तो चिपवर चढवून दिला. चिप म्हणजे काळी, बोटभर लांबीची, दोन्ही बाजूंना वीस वीस पाय. जुनी चिप काढायला हे स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. मी दोन मिनिटं बघितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई, एखादी गोष्ट तिच्या खोबणीतून मुळासकट, सरळ, काही न मोडता कशी काढायची हेच काम मी बावीस वर्षं करते आहे! पण तोवर यांनी खोबणीच्या एका टोकाचा कपचा उडवला होता. मी यांना बाजूला केलं, डोक्याला दिवा लावला, दाढ हलवायचं हत्यार घेतलं, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, आणि चिप हातात. एक पाय वाकला नाही. हे बघतच राहिले. लग्नानंतर असं माझ्याकडे बघितल्याचं मला तरी आठवत नाही.

यापुढचा भाग यांनी मुद्दाम लिहायला लावला आहे. चिपच्या एका टोकाला छोटी खाच असते, ती ठरल्या बाजूलाच यावी लागते. खोबणीवर त्याची खूण असते, पण ती होती नेमकी यांनी उडवलेल्या कपच्यावर. म्हणून हे कागदात बघून म्हणाले, "खाच डावीकडे." मी डावीकडे बसवली. कॉम्प्युटर लावला, आणि दोन क्षणांत टेबलावर धूर आणि खोलीभर जळका वास. चिप गेली. हे ओरडले, डावीकडे म्हटलं होतं! मी म्हटलं, डावीकडेच बसवली! मग दोघंही खाली वाकून बघतो तर खाच उजवीकडे. आता तुम्हीच सांगा, दातांच्या डॉक्टरला डावी बाजू म्हटलं की कोणाची डावी? समोरच्या पेशंटची. ती माझ्या उजव्या हाताला असते. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून हाडीमाशी मुरलेली गोष्ट आहे. कार्ड माझ्यासमोर उताणं पडलं होतं, डोक्यावर माझा दिवा होता, हातात माझं हत्यार होतं. मी त्याला पेशंट समजले यात नवल ते काय? हे म्हणाले, कार्डाला काय तोंड असतं? मी म्हटलं, गेले तीन आठवडे ते बोंबलतंय कशातून?

दुसरी चिप यांनी माझ्या हाती द्यायच्या आधी खोबणीवर लाल पेनाने बाण काढला. ही जरा निराळी होती, पाठीवर काचेची बारीक खिडकी आणि तीवर चिकटपट्टीचा काळा तुकडा. दुकानातून आली तेव्हा पट्टीच्या कडांना धूळ चिकटलेली, वर कोणाच्या तरी बोटांचे ठसे. माझ्या हातून कुठलीही वस्तू अशी कशातही बसवली जात नाही. मी पट्टी सोलून फेकली, स्पिरिटने चिप पुसली, आणि हत्यारं निर्जंतुक करायच्या निळ्या दिव्याच्या कपाटात दुपारभर ठेवली. संध्याकाळी बसवली, बाण बघून, अचूक. कार्ड मुकं. पीऽऽऽ नाही, साधी खरखर नाही, काही नाही. यांनी रिमोटवाल्याला दोन पानी पत्र लिहिलं, "आपण पुरविलेली चिप कोरी आढळून आली" वगैरे, आणि स्वतः नेऊन दिलं. तो बिचारा पत्र वाचून नुसता "बघतो" म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मी निळ्या कपाटातून हत्यारं काढत होते आणि हातातला ट्रे तसाच खाली ठेवला. काचेची खिडकी. काळी पट्टी. निळा दिवा. मोबाइलवर शोधलं तर स्वच्छ लिहिलेलं होतं, की या जातीच्या चिपवरचं लिखाण पुसायचं तर खिडकी उघडी करून नेमका असाच दिवा दाखवावा लागतो. मी तिला जंतूंसकट अक्षरओळखसुद्धा राहणार नाही इतकी स्वच्छ केली होती. दोन दिवस मी मूग गिळून गप्प बसले. खोटं वागले, ताई. इस्त्रीच्या टेबलावर उभं राहून हे रिमोटवाल्याला नावं ठेवायचे आणि मी आमटी वाढायचे. पाचव्या दिवशी राहवेना, दवाखाना तासभर बंद ठेवला, दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं की चिप मी पुसली, तुमचा काही दोष नव्हता, आणि ते पत्र परत द्या. तो म्हणाला, "बाई, घाबरू नका. ही पुसून परत लिहायचीच असते." त्याने दहा मिनिटांत लिहून दिली, खिडकीवर नवी पट्टी लावली आणि तिच्यावर आणखी एक पट्टी लावली. त्यावर काहीतरी लिहिलंही. घरी येऊन वाचलं, "धुऊ नये."

गेल्या रविवारी सकाळी अकराला ती बसवली. लिफ्ट सुटली. पहिला मजला, दुसरा, तिसरा. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण तुमच्या त्या चालीत प्रत्येक मजल्याला एक नवा माणूस येऊन बाकीच्यांच्या गप्पांत सामील होतो असं मला वाटत होतं आणि चौथ्या मजल्यापाशी मी खुर्ची ओढून खाली बसले. इतके दिवस एका वेळी दोन-चारच मजले ऐकले होते ना. विशी-बाविशीतल्या पोरांनी केलेलं वाटतच नव्हतं. हे तोंडाने मजले मोजत होते. सातही मजले वाजले, एकही सूर अडकला नाही. तक्त्यात यांनी शेरा लिहिला, "समाधानकारक."

आता संपवते. शेवटचं वाक्य यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहायचं मी कबूल केलं आहे: "दोष कार्डातील चिपचा होता, संगीत निर्दोष होते, सबब ताईने मनात काही ठेवू नये." 'सबब' काढू या म्हटलं, ते नाही म्हणाले. सगळं पत्र त्यांनी आता एकदा वाचलं, दोन वेलांट्या सुधारल्या आणि "ठीक आहे" म्हणाले. भावोजींना नमस्कार. आशीर्वाद द्यावेत इतकं लहान आता दोन्ही घरांत कोणी उरलं नाही, तेव्हा ते माझ्यापाशीच ठेवते.

तुमची,
कंबर सोडून बाकी सगळी धडधाकट असलेली भावजय

ता. क. दाढेचं मनावर घ्या. तात्पुरतं सिमेंट दोन वर्षं टिकलं हे माझं कौतुक समजू नका.

ता. क. २. पाकीट शोधायला हे खाली दवाखान्यात गेले आहेत, म्हणून घाईघाईने. वरच्या रविवारच्या हकिगतीतली शेवटची दोन वाक्यं खोटी आहेत आणि ती मला यांनी समोर बसून लिहायला लावली. सातही मजले वाजले नाहीत. सहा वाजले, फार सुंदर वाजले, आणि सातव्याचं दार उघडलं तसा सूर अडकला. मला वाटलं हीही चिप बाद. यांनी पुन्हा लावलं. पुन्हा सातव्यावर, त्याच जागी. नऊ वेळा लावलं आणि नऊही वेळा तिथेच. चिपची खोट दर वेळी जागा बदलत होती, हे ज्याने एकेचाळीस वेळा लिहून ठेवलं त्याला नऊ वेळा तीच जागा म्हणजे काय हे मी सांगायची गरज नव्हती. कॉम्प्युटरच्या खोक्यात तळाशी तुमची वही होती. तुम्ही त्या दिवशी टाकून गेलात ती. आपलंच खरं आहे याची इतकी खात्री, की यांनी ती कधी उघडली नव्हती. रविवारी उघडली. सातव्या मजल्याच्या ओळी तुमच्या गोल अक्षरात व्यवस्थित आहेत. सूर सुरू. सूर बंद. 'बंद'खाली तुम्ही दोन रेघा मारल्या आहेत. कॉम्प्युटरमध्ये 'सुरू' आहे, 'बंद' नाही. वहीतून कॉम्प्युटरमध्ये कोणी उतरवलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

यांनी वही मिटली आणि घरातल्या सगळ्या बाटल्यांत पाणी भरून ठेवलं. भरलेल्या बाटल्याही ओतून परत भरल्या. मग मला म्हणाले, "चिप खराब होती हे तर खरं ना? मग तेवढंच लिही." मला इतका संताप आला ताई, की काय सांगू. माझी कंबर, माझे पेशंट, पाच आठवडे उभ्याने जेवण, आणि हे सगळं कशासाठी, तर माफी मागायची पण चिपच्या नावावर! चिपची खोट खरी आहे, पण त्या दिवशी हॉलमध्ये सूर अडकला तो चिपमुळे नाही. म्हणून माझी खरी विनंती ही आहे, की वरचं पत्र मान्य करू नका. चिपची माफी घेऊ नका. एखाद्या सकाळी सरळ या, समोर बसा आणि एवढंच विचारा, माझी वही कुठे आहे? त्यांना बोलता येईल. गेले चार दिवस दाढी करताना आरशासमोर "ताई" असं म्हणून थांबतात, ते मी ऐकते आहे. मी कळवलं असं मात्र सांगू नका. जिन्यावर पावलं वाजताहेत, पुरे करते.

ता. क. ३. ताई, हे अक्षर माझं. पाकिटात घालताना पानं मोजली तर एक जास्त भरलं. वरचा मजकूर वाचला. बरोबर आहे. सहावा आणि सातवा मजला मी त्याच दिवशी सकाळी घाईत टाइप केला होता आणि तुझी ती एक ओळ माझ्याकडून सुटली. माइकवर जे बोललो ते चूक तुझी असती तरी बोलायला नको होतं. ते तोंडातून निघालं तेव्हाच मला कळलं होतं, पण तोवर तू दारापर्यंत गेली होतीस. मी हे वाचलं असं हिला सांगू नकोस. ती ओळ अजून भरलेली नाही. दोन मिनिटांचं काम आहे, पण मी करणार नाही. तू ये आणि तुझ्या हाताने भर.